क्लास-डी ॲम्प्लिफायर: बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवा ॲम्प्लिफायर खोक्यातून बाहेर काढला की पहिली शंका वजनाची येते: हा एवढा हलका कसा? मग दुसऱ्या शंका सुरू होतात. हेस्कॉमचा, म्हणजे इथल्या वीज कंपनीचा, व्होल्टेज झेपेल काय, पावसाळ्यात टिकेल काय, बिघडला तर इथं कोण उघडणार. सारखे सारखे येणारे प्रश्न इथं एकत्र केले आहेत. साधे आधी, अवघड नंतर. एका मुद्द्याचं उत्तर एकाच ठिकाणी दिलं आहे, इतरत्र फक्त प्रश्नाचा क्रमांक आहे.

१. क्लास-डी म्हणजे डिजिटल ॲम्प्लिफायर काय?

नाही. ए, बी, सी ही अक्षरं ॲम्प्लिफायरच्या जुन्या रचनांसाठी आधीच वापरून झाली होती, म्हणून पुढचं डी आलं. आत येणाऱ्या सिग्नलची तुलना एका वेगवान त्रिकोणी लहरीशी होते आणि त्यातून चौकोनी पल्स निघतात. सिग्नल वर चढला की पल्स रुंद होते, उतरला की अरुंद. ही रुंदी सलग बदलते, तिथं आकडेमोड नसते, म्हणून बहुतेक क्लास-डी तत्त्वतः ॲनालॉगच आहेत. आउटपुटचे मॉसफेट (स्विचसारखे चालणारे ट्रान्झिस्टर) एक तर पूर्ण चालू असतात नाहीतर पूर्ण बंद, आणि हे सेकंदाला चार-पाच लाख वेळा घडतं. शेवटी कॉइल आणि कपॅसिटरचा फिल्टर ती वेगवान उघडझाप गाळून टाकतो. उरते ती सरासरी, म्हणजेच गाणं.

डिजिटल सिग्नल थेट पल्समध्ये बदलणारी यंत्रंही आहेत, टेक्निक्सचं जेनो इंजिन हे त्याचं उदाहरण. पण तो अपवाद झाला.

२. गरम होत नाही, म्हणजे पॉवर कमी आहे काय?

उलट आहे. ट्रान्झिस्टर अर्धवट चालू असतो तेव्हा त्याच्यावर व्होल्टेजही असतो आणि त्यातून करंटही वाहतो. त्या दोहोंचा गुणाकार म्हणजे उष्णता. पूर्ण चालू असताना व्होल्टेज जवळजवळ शून्य, पूर्ण बंद असताना करंट शून्य, त्यामुळे गुणाकार दोन्ही वेळा नगण्य. क्लास-एची कार्यक्षमता कागदावर जास्तीत जास्त ५० टक्के, क्लास-बीची ७८.५ टक्के. क्लास-डी पूर्ण पॉवरला ९० टक्क्यांच्या आसपास जातो. खरा फरक मात्र रोजच्या आवाजात कळतो. घरात आपण सरासरी एखादा वॅटच वापरतो, आणि तेवढ्यासाठी क्लास-एबी (ए आणि बी यांचा मेळ) कितीतरी वॅट नुसती उष्णता म्हणून टाकत असतो. अथणी-रायबागकडच्या एप्रिलमध्ये बंद शोकेसमध्ये ठेवलेल्या ॲम्प्लिफायरला हा फरक फार जाणवतो.

३. हे तंत्र जुनं आहे म्हणतात. मग मोठ्या कंपन्या आत्ताच का वळल्या?

जुनंच आहे. ब्रिटनमध्ये सिंक्लेअरने १९६४ मध्ये एक्स-१० नावाचा क्लास-डी किट विकायला काढला होता. तेव्हाचे ट्रान्झिस्टर पुरेशा वेगाने चालू-बंद होत नव्हते, त्यामुळे तो टिकला नाही. वेगवान पॉवर मॉसफेट आल्यावर पाया तयार झाला. १९९० च्या दशकाच्या शेवटी डेन्मार्कमध्ये बँग अँड ओलुफसेनच्या आश्रयाने आइसपॉवर मॉड्यूल उभं राहिलं. २००१ च्या सुमारास ब्रुनो पुत्झेस यांनी फिलिप्समध्ये यूसीडी रचना केली. पुढे ते हायपेक्समध्ये एनकोर आणि नंतर प्युरिफायमध्ये आयगेनटॅक्ट या रचनांपर्यंत गेले. अमेरिकेच्या ट्रायपाथने क्लास-टी या नावाने लहान चिप आणल्या, आणि टीए२०२० या चिपने स्वस्तातही चांगला आवाज मिळतो हे लोकांना दाखवून दिलं.

हाय-फाय कंपन्या वळल्या त्या यानंतर. नॅडचा डी ३०२० हा २०१३ चा. टेक्निक्सने २०१४ मध्ये पुनरागमन केलं ते गॅलियम नायट्राइडचे ट्रान्झिस्टर असलेला एसई-आर१ घेऊन. मॅरांट्झने पीएम-१० आणि पुढे २०२० च्या मॉडेल ३० मध्ये हायपेक्सची मॉड्यूल वापरली. नॅडचा एम३३ प्युरिफायवर आहे.

कारणं तीन. एक, तयार मॉड्यूल विकत मिळू लागलं, त्यामुळे कंपनीला आउटपुट स्टेज स्वतः घडवायची गरज उरली नाही. दोन, तांब्याचा जड ट्रान्सफॉर्मर आणि ॲल्युमिनियमची मोठी हीटसिंक गेली की डबा लहान होतो, वाहतूक स्वस्त पडते, आणि स्ट्रीमिंग, डॅक (डिजिटल गाण्याचा ॲनालॉग सिग्नल करणारा भाग), एचडीएमआय सगळं त्याच डब्यात बसतं. तीन, युरोपात स्टँडबायच्या वीजवापरावर कडक मर्यादा आल्या.

सगळ्यांनी मात्र हे स्वीकारलेलं नाही. ॲक्युफेज आणि लक्समन अजूनही क्लास-ए आणि एबीवर भर देतात. तो मागासलेपणा नव्हे. चांगला एबी आजही चांगलाच वाजतो.

४. क्लास-डीचा आवाज कोरडा, टोकदार असतो हे खरं आहे काय?

या प्रश्नाला खरा आधार आहे, म्हणून जरा सविस्तर.

दोष असतो तो बहुधा आउटपुट फिल्टरमध्ये. स्वस्त बोर्डावर स्पीकरच्या प्रत्येक वायरला १० मायक्रोहेन्रीची कॉइल आणि ०.६८ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो. त्यांची मर्यादा साधारण ६१ किलोहर्ट्झला येते. फीडबॅक (आउटपुट मागे नेऊन चूक सुधारण्याची सोय) जर फिल्टरच्या आधीच घेतला असेल तर फिल्टरवर कुणाचं नियंत्रण राहत नाही आणि स्पीकरचा इंपिडन्स (ओहममध्ये मोजला जाणारा विरोध) आवाज ठरवू लागतो. हिशेब करून पाहा: ४ ओहमच्या स्पीकरवर २० किलोहर्ट्झला पाऊण डेसिबल कमी मिळतं, ८ ओहमवर अर्धा डेसिबल जास्त. म्हणजे तोच बोर्ड एकाच्या घरी किंचित मऊ आणि दुसऱ्याच्या घरी किंचित तीक्ष्ण. शिवाय खऱ्या स्पीकरचा इंपिडन्स ट्विटरच्या भागात बरेचदा चढतो, तेव्हा तीक्ष्णपणा आणखी वाढतो. तानपुऱ्याची जवारी, झांजा, हार्मोनियमच्या वरच्या सप्तकातले सूर इथं हे आधी लक्षात येतं.

यूसीडी, एनकोर, आयगेनटॅक्ट या रचनांमध्ये फीडबॅक फिल्टरच्या नंतर, स्पीकरच्या टर्मिनलवरून घेतात. मग कॉइलची चूकही दुरुस्त होते आणि स्पीकर कोणताही लावला तरी प्रतिसाद सपाट राहतो. टीआयच्या (टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या) टीपीए३२५५ चिपवरच्या काही बोर्डांवरही असा बाहेरचा फीडबॅक लूप असतो. विकत घेताना एवढंच विचारा: ‘फीडबॅक फिल्टरनंतर आहे काय?’ विक्रेत्याला सांगता आलं नाही तर ४ आणि ८ ओहमचे फ्रिक्वेन्सी आलेख मागा. दोन्ही एकावर एक बसत असतील तर काळजीचं कारण नाही.

दुसरा दोष कॉइलचा. पिवळ्या-पांढऱ्या रंगाच्या स्वस्त रिंगवर गुंडाळलेली कॉइल काही न वाजवताही चटका लागण्याइतकी गरम होत असेल तर तो गाभा या फ्रिक्वेन्सीसाठी योग्य नाही. मोठ्या आवाजात कॉइल सॅच्युरेट झाली, म्हणजे तिच्या गाभ्याची क्षमता संपली, की खर्जाबरोबर वरचे स्वरही फाटतात.

५. १२ बाय १४ फुटांच्या खोलीला किती वॅट लागतात?

स्पीकरची संवेदनशीलता पाहा. ८७ डेसिबलचा स्पीकर १ वॅटला एक मीटरवर ८७ डेसिबल देतो, आणि तो बसून ऐकायला भरपूर मोठा आवाज असतो. प्रत्येक ३ डेसिबलला वॅट दुप्पट. तबल्याच्या थापेसारखी शिखरं १५ डेसिबल वर जातात, त्यासाठी साधारण ३२ वॅट. म्हणजे प्रत्येक चॅनेलला खरे ३० ते ५० वॅट पुरतात. ‘खरे’ हा शब्द महत्त्वाचा. खोक्यावरचा आकडा १० टक्के डिस्टॉर्शनला मोजलेला असेल तर तीस टक्के वजा करून धरा.

६. स्वतः जोडायचा आहे. कोणता बोर्ड, कोणता सप्लाय?

सुरुवातीला टीपीए३११६चा स्टिरिओ बोर्ड आणि २४ व्होल्ट, ५ अँपिअरचा एसएमपीएस (हलका, स्विचिंगचा पॉवर सप्लाय) घ्या. ही चिप २६ व्होल्टपर्यंतच चालते. २४च्या सप्लायचा स्क्रू फिरवून २८ करू नका.

पॉवर बोर्डावरच्या छापील आकड्यावरून ठरत नाही, सप्लायवरून ठरते. सूत्र सोपं: व्होल्टेजचा वर्ग भागिले स्पीकरच्या ओहमची दुप्पट. २४ व्होल्टला ८ ओहमवर ३६ वॅट ही कागदी मर्यादा, हातात ३० च्या आसपास. १२ व्होल्टला ४ ओहमवर कागदी १८, हातात १५. लॅपटॉपचा १९ व्होल्टचा चार्जरही चालतो, ८ ओहमवर २० वॅट मिळतात.

चिप नीट बघा. ३११६ची उष्णता बाहेर टाकणारी धातूची पाटी वरच्या बाजूला असते, तिला हीटसिंक हवीच. ३११८ची पाटी खाली बोर्डाला चिकटलेली असते. वरून काळी सपाट चिप आणि तिच्यावर शोभेची हीटसिंक असेल तर ती ३११६ नव्हे.

पहिल्यांदा चालू करताना स्पीकर लावू नका. सप्लायच्या पॉझिटिव्ह वायरमध्ये ट्रकचा २४ व्होल्ट, २१ वॅटचा इंडिकेटर बल्ब सिरीजमध्ये घाला. बल्ब क्षणभर लुकलुकून विझला तर ठीक. पेटलेला राहिला तर बोर्डात शॉर्ट आहे, लगेच बंद करा. मग प्रश्न ९ प्रमाणे आउटपुट मोजा आणि त्यानंतरच एखादा जुना स्पीकर लावून बघा. सप्लायला १ चौरस मिलिमीटरची वायर पुरते, स्पीकरला २.५ची घ्या. पोलॅरिटी उलटी लागली तर चिप त्याच क्षणी जाते, तिथं घाई नको.

७. गाणं थांबलं की ट्विटरमधून ‘स्स्स’ येतो.

गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो ते, जास्त आहे. बरेच बोर्ड २६ किंवा ३२ डेसिबलवर ठेवलेले असतात. डॅक २ व्होल्ट देतो. २६ डेसिबल म्हणजे वीसपट, म्हणजे ४० व्होल्ट, आणि २४ व्होल्टच्या सप्लायवर १६ च्या आसपासच मिळू शकतात. २० डेसिबल, म्हणजे दहापटही भरपूर झाली. टीपीए३११६मध्ये गेन दोन रेझिस्टरनी ठरतो, २०, २६, ३२ आणि ३६ अशा चार पायऱ्या आहेत. डेटाशीटमधल्या तक्त्याप्रमाणे ते बदला. हिस्स लगेच खाली येतो आणि व्हॉल्यूमची मूठही नीट फिरवता येते.

८. ब्लूटूथ मॉड्यूल लावल्यापासून ‘चिर्र-किर्र’ आवाज येतो.

मॉड्यूल आणि ॲम्प्लिफायर एकाच सप्लायवर आहेत, आणि ऑडिओ केबलमधूनही त्यांचे ग्राउंड जोडले गेले आहेत. दोन वाटा झाल्या की मॉड्यूलचा करंट ऑडिओच्या वाटेनेही परततो. बी०५०५एस नावाचा चार पायांचा, १ वॅटचा आयसोलेटेड (दोन बाजूंचे ग्राउंड वेगळे ठेवणारा) कन्व्हर्टर मध्ये घाला: २४ वरून ५ व्होल्टचा बक (व्होल्टेज उतरवणारा) कन्व्हर्टर, मग बी०५०५एस, मग ब्लूटूथ. त्याच्या आउटपुटचा ग्राउंड सप्लायच्या ग्राउंडला मुळीच जोडू नका, जोडला तर सगळी मेहनत वाया. मर्यादा २०० मिलिअँपिअरची आहे.

९. मल्टिमीटरने स्पीकर टर्मिनलवर १२ व्होल्ट डीसी दिसतो. बोर्ड गेला काय?

मोजताना काळी प्रोब ग्राउंडला लावली असणार. सिंगल सप्लायच्या ब्रिज बोर्डात (जिथं स्पीकरच्या दोन्ही वायरी ॲम्प्लिफायरच चालवतो) दोन्ही टर्मिनल सप्लायच्या निम्म्यावर उभी असतात. २४ला १२ म्हणजे तब्येत उत्तम. दोन्ही प्रोब त्याच चॅनेलच्या दोन टर्मिनलवर लावा. ५० मिलिव्होल्टच्या आत आलं तर स्पीकर लावा. काही व्होल्ट आले तर बोर्ड खरंच गेला आहे, स्पीकर लावलात तर त्याची कॉइल जळेल.

१०. दोन्ही स्पीकरच्या मायनस एकत्र जोडल्या तर चालतात काय? सबवूफर आणि स्पीकर सिलेक्टरचं काय?

ब्रिज ॲम्प्लिफायरवर चालत नाही. इथं मायनस म्हणजे ग्राउंड नसतो, तोही जिवंत आउटपुट असतो. जुन्या घरांत भिंतीतून तीनच वायर ओढलेल्या असतात, एक सामाईक. तिथं क्लास-डी लावायचा असेल तर चौथी वायर ओढायलाच लागेल. सामाईक ग्राउंडचा सिलेक्टर, हेडफोनचा अडॅप्टर, ऑसिलोस्कोपची ग्राउंड क्लिप या सगळ्यांना हाच नियम. सबवूफर स्पीकर टर्मिनलवरून न घेता प्री-आउट किंवा डॅकवरून लाईन लेव्हलने घ्या.

११. डब्याला हात लावला की झिणझिण्या येतात.

दोन पिनच्या एसएमपीएसमध्ये गोंगाट दाबण्यासाठी एक छोटा वाय-कपॅसिटर असतो. त्यातून धातूच्या डब्यावर मीटरला ११५ व्होल्टच्या आसपास दिसतात, पण करंट अर्ध्या मिलिअँपिअरपेक्षा कमी असतो. तीन पिनचा सप्लाय घ्या आणि डबा अर्थला जोडा. त्याआधी सॉकेट तपासा: फेज-अर्थ २३०, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. अर्थ नाही म्हणून सॉकेटात अर्थ आणि न्यूट्रल जोडणारे लोक आहेत. हे कधीही करू नका. बाहेर न्यूट्रल तुटला तर सगळा डबा २३० व्होल्टवर जातो.

१२. आमच्याकडे व्होल्टेज १८० पासून २५० पर्यंत नाचतो. स्टॅबिलायझर घेऊ काय?

सप्लायच्या पाटीवर १०० ते २४० लिहिलेलं असेल तर कमी व्होल्टेजसाठी स्टॅबिलायझर नको, एसएमपीएस स्वतःच सावरतो. ११५/२३० असा निवड-स्विच असलेल्या मोठ्या सप्लायची खालची मर्यादा १७० ते १८० असते, तिथं संध्याकाळी पंपसेट सुरू झाले की आवाज तुटू शकतो. तो स्विच २३० वरच आहे ना, हे पहिल्या दिवशीच बघा. ११५ वर राहिला तर आतले कपॅसिटर फुटतात.

खरा धोका जास्त व्होल्टेजचा. थ्री-फेज लाईनचा न्यूट्रल सैल झाला की सिंगल फेज घरात ४०० पर्यंत व्होल्टेज येऊ शकतो. ओव्हर-व्होल्टेज कटऑफ असलेला प्रोटेक्टर घ्या, आणि वळवाच्या पावसात विजा सुरू झाल्या की प्लग काढा. नुसता स्विच बंद करणं पुरत नाही.

१३. लाईट गेल्यावर घरच्या इन्व्हर्टरवर चालतो काय?

चालतो, आणि क्लास-डीचा मोठा फायदा इथंच आहे. १५० अँपिअर-अवरची १२ व्होल्ट बॅटरी म्हणजे १८०० वॅट-अवर, त्यातले हजार हाती लागतात असं धरा. २०० वॅट ओढणारा क्लास-ए पाच तास चालेल. १५ वॅटवर बसणारा क्लास-डी तुमच्या पंख्याच्या हिशेबात मोजायचीही गरज नाही. चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मरचा जुना ॲम्प्लिफायर घुमतो, एसएमपीएसचा बहुधा गप्प राहतो. ॲक्टिव्ह पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारा भाग) असलेल्या महागड्या सप्लायसाठी मात्र साइनवेव्ह इन्व्हर्टरच हवा.

१४. ॲम्प्लिफायर चालू केला की रेडिओवर धारवाड लागत नाही.

स्विचिंगची फ्रिक्वेन्सी ४०० किलोहर्ट्झ असली की तिची दुप्पट ८०० ला येते, आणि आकाशवाणी धारवाडचं ७६५ तिच्या शेजारीच आहे. स्पीकरच्या वायरी अँटेनाचं काम करतात. त्या पिळून घ्या, तीन मीटरच्या आत ठेवा, बोर्डाजवळ फेराइट रिंगमधून दोन-तीन वेढे काढा आणि धातूचा डबा वापरा. बोर्डावर फ्रिक्वेन्सी बदलायची सोय असेल तर ५०० वर न्या, दुप्पट १००० वर जाते आणि धारवाड मोकळं होतं. एफएमला सहसा त्रास होत नाही.

१५. खानापूरच्या पावसात टिकतो काय?

जांबोटी-कणकुंबीकडे जून ते सप्टेंबर भिंतीला ओल असते. जुना गरम ॲम्प्लिफायर स्वतःच्या उष्णतेने आतली ओल घालवत असे. थंड राहणाऱ्या क्लास-डीला ती सवलत नाही, आणि त्याच्या चिपचे पाय अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास अंतरावर असतात. ओल आणि धूळ तिथं साचली की गळती सुरू होते. पावसाळ्यात रोज तासभर वाजवा, नाहीतर विजांचा दिवस नसेल तेव्हा स्टँडबायला ठेवा. बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. मागच्या फटींना बारीक जाळी लावा, मुंग्या आणि पाली उबेला आत शिरतात.

१६. बिघडला तर इथं दुरुस्त होईल काय? कोल्हापुरातून घेतला तर वॉरंटी?

प्रामाणिक उत्तर: जुन्यासारखा सहज होणार नाही. एबीचे २एससी५२०० आणि २एसए१९४३ ट्रान्झिस्टर कुठल्याही चांगल्या सुट्या भागांच्या दुकानात मिळतात आणि कोणीही जाणता कारागीर तासाभरात बदलतो. क्लास-डीत बहुधा अख्खं मॉड्यूल बदलावं लागतं. म्हणून घेण्याआधी दोन गोष्टी लेखी विचारा: मॉड्यूल सुटं मिळतं काय, आणि सर्व्हिस सेंटर कुठं आहे, बेळगाव, हुबळी, कोल्हापूर की थेट बंगळूर-मुंबई. जीएसटीनंतर दोन्ही राज्यांत कराचा दर एकच, त्यामुळे निपाणीकरांनी कागल ओलांडून घेतलं म्हणून किमतीत कराचा फरक पडत नाही. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या.

सप्लाय वेगळा असलेला संच पसंत करा. बरेचदा सप्लायच जातो, आणि तो बाजारात कुठंही मिळतो.

१७. मंडळाच्या साऊंडला हाच वापरतात काय?

हो, हलक्या व्यावसायिक ॲम्प्लिफायरमध्ये आज क्लास-डी सर्वत्र आहे. पण घरचा बोर्ड मांडवात नेऊ नका, जनरेटरच्या व्होल्टेजसाठी आणि दोन ओहमच्या लोडसाठी तो बनवलेला नसतो. आणि कोणताही क्लास असो, रात्री १० नंतरचं बंधन आणि निवासी भागातली दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबलची मर्यादा सगळ्यांना सारखीच.

१८. प्लस-मायनस सप्लायचा बोर्ड आहे. मोठ्या खर्जाला सप्लायच ट्रिप होतो, बाकी वेळी नीट चालतो.

याला पंपिंग म्हणतात. ब्रिज नसलेल्या, म्हणजे स्पीकरची मायनस खरोखर ग्राउंडला असलेल्या क्लास-डीमध्ये हे होतं. आयआरएस२०९२वरच्या बऱ्याच बोर्डांत ही रचना असते. एका रेलमधून (सप्लायच्या प्लस किंवा मायनस बाजूतून) करंट ओढताना कॉइल थोडी ऊर्जा दुसऱ्या रेलमध्ये परत ढकलते. एसएमपीएसला ती परत घेता येत नाही, तिथला व्होल्टेज चढत जातो आणि संरक्षण तोडतं. फ्रिक्वेन्सी जितकी खाली तितकं हे जास्त, म्हणून पखवाजाच्या घुमाऱ्याला ट्रिप आणि बासरीला काही नाही.

दोन उपाय करा. प्रत्येक रेलवर ४,७०० ते १०,००० मायक्रोफॅरड वाढवा, पण आधी सप्लाय एवढा भार घेऊन सुरू होतो ना ते बघा. त्याहून चांगला आणि बिनखर्ची उपाय: एका चॅनेलला सिग्नल उलट्या फेजमध्ये द्या आणि त्याच चॅनेलच्या स्पीकरच्या वायरी उलट्या जोडा. कानाला काहीच बदलत नाही, पण एक चॅनेल ज्या रेलमध्ये ऊर्जा ढकलतो त्याच रेलमधून दुसरा ती ओढून घेतो. खर्ज दोन्ही चॅनेलमध्ये सारखा असतो तोवरच हे काम करतं. एकच सबवूफर चालवत असाल तर कपॅसिटर वाढवा किंवा ब्रिज बोर्ड घ्या.